लग्नाचं पान आणि मरणाचं पान

या आठवड्याचं पत्र सेलूहून आलं आहे. थोडं आवरून देते.

"बाई, माझी मुलगी चौथीत आहे, नऊ वर्षांची. मुलगा सातवीत. दर ३ जानेवारीला मुलगी शाळेत सावित्रीबाई होते. नऊवारी, आडवं कुंकू, हातात पाटी आणि सरांनी लिहून दिलेलं भाषण. यंदा पुस्तक प्रदर्शनातून मी तिला थोर स्त्रियांच्या चरित्रांचा दहा पुस्तिकांचा संच आणून दिला. चार वाचल्या आणि ठेवून दिल्या. म्हणे, 'मम्मी, ह्या सगळ्या सारख्याच आहेत.' आनंदीबाई जोशींच्या पुस्तिकेत नवव्या वर्षी विवाह झाला असं वाचून तिनं विचारलं, 'म्हणजे माझ्याएवढी असताना? ती रडली नाही का?' मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणतात, 'लेकरांना असलं कशाला सांगायलीस, चांगलं तेवढं सांग.' मुलगा तर त्या संचाला हातच लावत नाही, पोरींची पुस्तकं म्हणतो. कोणती पुस्तकं आणू, आणि किती खरं सांगू?"

ताई,

तुमच्या लेकीचं बरोबर आहे. सगळ्या सारख्याच आहेत. म्हणजे बायका नाहीत, पुस्तिका.

मी अठ्ठावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. असले संच कपाटात यायचे, पंधरा ऑगस्टला बक्षीस म्हणून वाटले जायचे आणि मुलं मागच्या कोऱ्या पानावर भागाकार करायची. साचा ठरलेला. बाई जन्मते तीच कुशाग्र बुद्धीची. मग तिच्यावर संकटांचा डोंगर कोसळतो. पण डोंगर कुठला, तो ढकलला कुणी, याचा पत्ता नसतो. ती न डगमगता पुढं जाते. शेवटी प्राणज्योत मालवते. नाव-गाव बदललं की पुढची पुस्तिका तयार. चित्रंही तशीच. सगळ्यांना एकच गोरा चेहरा, जिजाऊंना भरजरी पदर, सावित्रीबाईंना साधा, एवढाच काय तो फरक. आनंदीबाईंच्या लग्नाचं चित्र असलंच तर नवरी चांगली विशीतली काढलेली. तुमच्या लेकीनं 'नवव्या वर्षी' हे शब्द वाचले म्हणून ती दचकली. नुसतं चित्र बघितलं असतं तर दचकली नसती.

माझीच एक चूक सांगते. आनंदीबाई अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी इथल्या गोरगरीब बायकांवर उपचार केले, असं मी कितीतरी वर्षं वर्गात ठोकून देत होते. एका पुस्तिकेत तसं छापलेलं होतं आणि मला ते खरं वाटायला आवडत होतं. एका वर्षी पाचवीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, किती वर्षं केले?" उद्या सांगते म्हटलं आणि घरी येऊन तारखा मांडल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी ११ मार्च १८८६ ला. त्याच वर्षाच्या अखेरीस परत, क्षयानं पार खंगलेल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम त्यांच्यासाठी ठरलेलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या पुण्यात गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरला त्या रुजू झाल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं की मी चुकीचं सांगत होते. तीच पोरगी म्हणाली, "मग एवढं शिकून उपयोग काय झाला?" त्या प्रश्नावर आमचे दोन तास गेले. गणिताचा तास बुडाला. कुणी म्हणालं, तिकडं एवढी थंडी तर स्वेटर घालायचा की, साडीच कशाला नेसायची. कुणी म्हणालं, परत यायची घाई केली. मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं की त्या गेल्यावर त्यांच्या पुस्तकांचं काय झालं. आधीची सगळी वर्षं मी आनंदीबाई शिकवल्या तेव्हा एकाही मुलानं एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या पुस्तिकेत विचारण्यासारखं काही नव्हतंच. बाई कुठं अडलीच नाही तर लेकरू तरी तिच्यापाशी कशाला थांबेल?

तेव्हापासून माझी एक सवय झाली आहे. मुलांसाठी कुणा बाईचं चरित्र घ्यायचं असलं की दुकानात उभ्या उभ्या दोन पानं वाचते, लग्नाचं आणि मरणाचं. खोटं बोलायचं तर ते ह्याच दोन पानांवर बोलतात. लग्न 'वयाच्या अमुकाव्या वर्षी' एवढ्या एका ओळीत उरकलं असेल आणि मरण प्राणज्योतीवर भागवलं असेल, तर पुस्तक जागच्या जागी ठेवते. मुखपृष्ठ कितीही गुळगुळीत असो.

मरणाचं पान नीट लिहिलेलं असलं तर कसं असतं, ते सावित्रीबाईंवरून बघा. 'प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना निधन' एवढं सगळ्याच पुस्तिका लिहितात. पण १८९७ साली पुण्यात प्लेग होता, त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्यानं गावाबाहेर दवाखाना उघडला होता, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घालून तिथवर नेलं, वय तेव्हा सहासष्ट, मुलगा वाचला आणि त्यांना प्लेगनं धरलं, १० मार्चला त्या गेल्या. हे सगळं लिहिलं असेल तर नऊ वर्षांचं लेकरूही पुस्तक मिटत नाही. सहासष्ट वर्षांची बाई पाठीवर पोर घेऊन चालते आहे, हे त्याला दिसतं. त्याची स्वतःची आजी तेवढीच असते.

आता लग्नाचं पान. तुमच्या लेकीनं विचारलं, ती रडली नाही का. तिला खरं ते सांगा: लग्नात रडली की नाही हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण नवरीला काय वाटतं हे तेव्हा कुणी विचारतच नव्हतं. पण पुढं मोठी झाल्यावर आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला पत्र लिहिलं आणि त्यात विचारलं की दहाव्या वर्षी तुम्ही मला लाकडानं मारत होता, बाराव्या वर्षी खुर्च्या नि पुस्तकं फेकून मारत होता, ते बरोबर होतं का. त्याच गोपाळरावांनी त्यांना शिकवलं, बायको शिकते म्हणून लोकांची बोलणी खाल्ली, एकटीला बोटीत बसवून परदेशी धाडलं. ज्यानं शिकवलं त्यानंच मारलं. मुलगी विचारील, "मग तो चांगला का वाईट?" लगेच उत्तर देऊ नका. माझ्या वर्गात ह्या एका प्रश्नावर दोन तट पडले होते, आणि मीही कुठल्या तटात आहे ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

किती खरं सांगायचं, ह्याचा माझा हिशेब असा. नऊ वर्षांच्या मुलीला लग्न सांगा, मार सांगा, चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं आणि चांगला उपचार मिळाला नाही, त्यातून डॉक्टर व्हायचं मनात आलं, हेही सांगा. मरण लेकरांना कळतं. घरातलं मांजर मेलं तरी ती चार दिवस विचारत असतात. त्यापलीकडचं शरीराचं, संसाराचं सांगायची तिला अजून गरज नाही. ती विचारील तेव्हा तेवढंच सांगा. सातवीतल्या मुलाला मात्र थोडं पुढं न्यायला हरकत नाही. त्याला सांगा की संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला आणि त्यानं मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय, नवऱ्यासाठीसुद्धा, दहावरून बारावर नेलं. एवढंसं, तरीही त्यावरून केवढा गदारोळ झाला. तो नक्की विचारील, फक्त बारा? त्याचं वय तेवढंच आहे.

सासूबाई म्हणतात, असलं कशाला सांगायचं. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, त्या म्हणण्याकडं पुन्हा येते. पण 'जुन्या काळी असं होतं' एवढं सांगून आपल्याला सुटता येत नाही, ताई. आपण परभणी जिल्ह्यात राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात परभणी आणि बीड ह्या दोन्ही जिल्ह्यांत वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये दहांतल्या चारांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात, आई-बाप सहा महिने कारखान्यावर. वयात आलेली पोरगी मागं एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? आणि ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, म्हणून मुकादमाच्या वहीत जोडप्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. तुमच्या लेकीच्या वर्गातली एखादी मुलगी पाच-सहा वर्षांनी अचानक शाळेत दिसेनाशी होईल. तेव्हा तुमच्या लेकीला काय झालं ते समजायला हवं, आणि बोलताही यायला हवं. आनंदीबाईंचं लग्नाचं पान तिला आत्ता नीट वाचू दिलं तर तिच्याजवळ त्यासाठी शब्द असतील.

भाषणाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणारच. कुंकू, नऊवारी, पाटी राहू द्या. पोरींना नटायला आवडतं आणि फोटोही चांगले येतात. शेणाच्या गोळ्यांचा प्रसंगही राहू द्या. पण तो आता इतक्या वेळा इतक्या पोरींनी म्हटला आहे की ऐकणाऱ्यांच्या अंगावर साधं शिंतोडंही उडत नाही. म्हणून मधोमध १८५६ चं पत्र घाला. सावित्रीबाई आजारपणामुळं माहेरी गेल्या होत्या आणि तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. भावानं घरी ऐकवलं होतं की तुम्ही नवरा-बायको महार-मांगांसाठी काम करता म्हणून वाळीत पडलात, हे सोडून द्या. त्यावर ही बहीण त्याला म्हणाली की तू गाई-शेळ्यांना कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि माणसांना मात्र शिवून घेत नाहीस, ह्याचं कारण सांग. आई ऐकत होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच पत्रात फातिमाचीही काळजी आहे, मी नसल्यानं तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशी. फातिमा शेख म्हणजे त्यांच्यासोबत शिकवणारी बाई.

शेण फेकणारे लोक मुलांना कुणीतरी दुसरे, दुष्ट वाटतात. सख्खा भाऊ चुलीपुढं बसून बोलतोय, त्याला उत्तर द्यायचं, हे तुमच्या लेकीला लगेच कळेल. तिचा भाऊ रोज तेच करतो.

आता त्या भावाविषयी. 'पोरींची पुस्तकं' हे त्याचं म्हणणं त्यानं स्वतः तयार केलेलं नाही. त्या दहा पुस्तिका तुम्ही त्याच्या बहिणीला दिल्यात, त्याला दिल्या नाहीत. वर्षातून दोनदा, ३ जानेवारीला आणि ८ मार्चला, शाळाही हेच करते, मुली व्यासपीठावर आणि मुलं खुर्च्या मांडायला. घरात 'स्त्रियांची चरित्रं' असा वेगळा खण करूच नका. शिवरायांच्या पुस्तकाशेजारी रखमाबाई ठेवा आणि ती कोणाची कोण हे सांगू नका.

रखमाबाईंची गोष्ट त्याला कोर्टकचेरीची म्हणून सांगा. अकराव्या वर्षी लग्न लागलं, नवऱ्याकडं नांदायला जायचं त्यांनी नाकारलं. नवऱ्यानं १८८४ साली मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. पहिल्या न्यायाधीशानं रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, वर अपील झालं, १८८७ साली निकाल उलटला. नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. इथं पुस्तक मिटा आणि त्याला विचारा, तू काय केलं असतंस? त्या म्हणाल्या, तुरुंग. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि पुढं सुरतेला नि राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं. आनंदीबाईंना जे करायचं राहिलं ते ह्यांनी केलं, असं एक वाक्य लिहायचा मोह होतो. पण ह्यांची गोष्ट वेगळी आहे, ती तिच्या पायावर उभी राहू द्या.

विज्ञानाची आवड असेल तर मेरी क्युरीच्या वह्यांपासून सुरू करा. त्यांच्या प्रयोगाच्या वह्यांतून अजून किरणोत्सर्ग होतो, म्हणून त्या शिशाच्या पेट्यांत ठेवल्या आहेत. मुलं ह्यावर तुटून पडतात. मग १९०३ च्या नोबेलकडं या. समितीच्या मनात आधी फक्त दोन पुरुषांची नावं होती, नवऱ्यानं आग्रह धरला तेव्हा मेरीचं नाव घातलं गेलं. आणि हे परदेशातच होत होतं असं त्याला वाटू नये म्हणून लगोलग कमला सोहोनी सांगा. म्हणजे तेव्हाच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई आहे म्हणून प्रवेश नाकारला. मुलाच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात रामन आहेत, नोबेलसकट. कमलाबाई हटून बसल्या. वर्षभर काम बघू, अशा अटीवर घेतलं. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. थोर माणसंही चुकतात, आणि कुणीतरी समोर बसून राहिलं तर कधीकधी मागं येतात, हे सातवीतल्या मुलानं ऐकावं असं मला फार वाटतं.

आपल्या मराठवाड्यात ह्या बायका पायाखाली आहेत, आणि सहलीला नेणारे आपण त्यांच्यावरून चालत जातो. दौलताबादची सहल प्रत्येक शाळेची होते. अंधारी वाट, वटवाघळं, मेंढा तोफ, मग वेरूळ, मग पाणचक्की, आणि बसमध्ये उलट्या. पण १६२९ साली ह्याच देवगिरीवर निजामशाहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधव मुलांसह दगा करून मारले गेले, हे किल्ल्यावर उभं राहून कोणी सांगत नाही. ते जुलैत झालं. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवराय जन्मले. महिने बोटांवर मोजा. जिजाऊ गरोदर असताना माहेर असं एका दिवसात पुसलं गेलं. मी हे मुलांना किल्ल्याच्या पायरीवर बसवून सांगायचे, आणि त्यानंतर मेंढा तोफेची पाटी कोणी वाचत नसे. सिंदखेडराजा जालन्याहून जवळच आहे, तेही दाखवून आणा.

अहिल्याबाईंसाठी वेरूळच्या घृष्णेश्वराला न्या. आजचं देऊळ त्यांच्या काळातल्या जीर्णोद्धारानं उभं आहे. पुस्तिका घाट आणि देवळं मोजत बसतात. तुम्ही त्यांचं लग्नाचं आणि मरणाचं पान बघा. चौंडीची मुलगी, जन्म १७२५, आठव्या वर्षी होळकरांची सून. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात नवरा गेला. त्या सती निघाल्या होत्या, सासरे मल्हाररावांनी थांबवलं, मला कोण आहे म्हणाले. इथवर बहुतेक पुस्तिका सांगतात. पुढचं गाळतात: १७९१ साली जावई वारले तेव्हा त्यांची एकुलती मुलगी मुक्ताबाई सती गेली, आणि साऱ्या माळव्यावर राज्य करणारी आई तिला थांबवू शकली नाही. लेकीला हे सांगायचं का, हा तुमचा प्रश्न असेल. मी दहा-अकराव्या वर्षापर्यंत थांबेन. पण सांगताना सतीला तेज, त्याग असले शब्द लावणारं पुस्तक मात्र घरात आणू नका. एक आई लेकीची विनवणी करत होती, एवढंच त्यात आहे.

देवगाव रंगारीच्या संत बहिणाबाईंचं नाव मुलांना सांगाल तेव्हा आधी खानदेशच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या करून सांगा, नाहीतर पोरं दोघींची खिचडी करतात. भाषणांत मी ती खूप ऐकली आहे. देवगावच्या बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला त्यांची समाधी आहे. त्यांनी स्वतःच्या आयुष्याची हकिगत अभंगांत सांगून ठेवली, त्यात नवऱ्यानं केलेली मारहाणही सांगितली. लेकरांना असलं सांगू नये असं आपल्याला वाटतं. बहिणाबाईंना साडेतीनशे वर्षांपूर्वी तसं वाटलं नव्हतं. बदनापूर तालुक्यातल्या दगडाबाई शेळके निजामाच्या राज्यात रझाकारांविरुद्ध, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांविरुद्ध, उभ्या राहिल्या. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्याला सलाम करून लाडू खाताना त्यांचं नाव घेतलं जातं का, तुमच्या शाळेत विचारून बघा.

मुलगी स्वतः लिहीत असेल तर तिला मुक्ता साळवे द्या. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, चौदा वर्षांची. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौथीतल्या पोरीला 'थोर स्त्री' फार लांब असते. चौदा वर्षांची ताई हाताशी येते.

पुस्तकं कुठून आणायची? विकत घेण्याआधी तालुक्याच्या वाचनालयात जा. आणि शाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडं मागा. त्या कपाटात तुम्हाला वाटतं त्यापेक्षा चांगलं असतं, पुस्तकं फाटतील म्हणून ते उघडत नाहीत एवढंच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचता येतात. त्यांतली माणसं चालती-बोलती असतात. दहाचा संच पुन्हा घेऊ नका. त्या पैशात एक किंवा दोन जाड पुस्तकं येतील, ती रात्री दहा-बारा पानं तुम्ही मोठ्यानं वाचा. मुलाला ऐकायला बोलावू नका, तो शेजारच्या खोलीतून ऐकेल.

आणलेला संच टाकू नका. लेकीच्या हातात शिसपेन्सिल द्या. प्रत्येक पुस्तिकेत जिथं 'संकटांवर मात केली' असं असेल तिथं समासात तिनं लिहायचं: कोणतं? उत्तर सापडलं की तेही लिहायचं. माझ्या वर्गातल्या एका पोरीनं अशा एका पुस्तिकेचे समास इतके भरून टाकले होते की छापील मजकुरापेक्षा पेन्सिलच जास्त झाली होती. ती पुस्तिका मी निवृत्त होताना शाळेला न विचारता घरी आणली आहे.

राहिल्या सासूबाई. चांगलं तेवढं सांग, असं म्हणणाऱ्या बायकांना बाकीचं बहुतेक वेळा स्वतःला ठाऊक असतं. त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाही. साठीच्या पुढं असतील तर १९७२ चा दुष्काळ त्यांच्या आठवणीत असणार. आई-बाप खडी फोडायला जायचे, लेकरांना सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी यायची आणि तिच्या भाकरी थापताना मोडायच्या. शाळा कितवीत सुटली, लग्न कोणत्या साली झालं, हे नातीनं कधी विचारलंय का? पुढच्या सुट्टीत सगळे गंगाखेडला जा, परभणीला गाडी बदलली की पुढं फार लांब नाही. जनाबाईंचं गाव आहे, गोदावरीच्या काठी देऊळ आहे. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करून अभंग रचत होत्या, एवढं नातीला सांगा आणि तुम्ही जरा बाजूला होऊन चहा आणायला जा. आजीनं जातं ओढलेलं आहे. पुढचं ती सांगेल. नातीजवळ वही आणि शिसपेन्सिल तेवढी असू द्या.